घरचें दुखणें आणि निधीची जमवाजमव

एखाद्या घरांत मोठें दुखणें शिरलें म्हणजे त्या घराचें पंचांगच बदलतें. सण, लग्नकार्य, द्राक्षबागेची छाटणी, मुलांच्या परीक्षा या सर्वांच्या तिथि मागें पडतात, आणि डॉक्टरांनीं पुन्हां केव्हां बोलाविलें आहे ही एकच तिथि घरांतील लहानथोरांच्या तोंडीं उरते. आमच्या ओझर गांवीं अशीं घरें आम्हीं वेळोवेळीं पाहिलीं आहेत. ओझरहून नाशिक आणि नाशिकाहून मुंबई ही आमच्याकडील दुखण्यांची ठरलेली वाट होय. दुखणेकरी नाशिकांत आहे तोंवर घरचा डबा पोंचतो, शेजारी आळीपाळीनें रात्री जागावयास जातात, आणि सर्व कसें तरी निभावतें. परंतु "मुंबईस न्या" हे दोन शब्द उच्चारले गेले कीं प्रश्नाचें स्वरूप पालटतें. तो केवळ शुश्रूषेचा राहत नाहीं, पैशाचा होतो. आणि पैशाचा झाला म्हणजे एका घराचा न राहतां भाऊबंद, सोयरे, शेजारी, मंडळी व शाळा या सर्वांचा होतो. हा निधि कसा उभा राहतो, कोठें अडतो, कोणत्या वाटेनें जावें व कोणत्या वाटेनें जाऊं नये, याविषयीं चार शब्द आमच्या विद्यार्थ्यांसाठीं व त्यांच्या पालकांसाठीं लिहावे असें मनांत आहे. विद्यार्थ्यांसाठीं अशाकरितां कीं, अर्ज लिहिण्याचें काम बहुधा घरांतील शिकणाऱ्या मुलाकडेच येतें.

अलीकडच्या काळांत या विषयाची सर्वांत मोठी चर्चा महाराष्ट्रांत झाली ती २०२१ सालीं. मुंबईंतील एका तान्ह्या मुलीस 'स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी' हा दुर्मिळ आजार असल्याचें निष्पन्न झालें होतें. या आजारांत पाठीच्या कण्यांतील, स्नायूंस हालचालीचा हुकूम पोंचविणाऱ्या मज्जापेशी हळूहळू मरत जातात. कारण त्यांस जिवंत ठेवणारें प्रथिन ज्या जनुकाच्या योगें तयार होतें तो जनुक मुळांतच सदोष असतो. मूल बुद्धीनें तल्लख असतें, हंसतें, आईस ओळखतें. पण मान धरीत नाहीं, कुशीवर वळत नाहीं, आणि आजार तीव्र प्रकारचा असल्यास पुढें गिळणें व श्वास घेणेंहि त्यास जड होतें. आई व बाप या दोघांच्याहि अंगीं असा एकेक सदोष जनुक असला, तर त्यांना स्वतःला कांहींहि होत नाहीं. मात्र प्रत्येक अपत्याच्या वेळीं आजार उतरण्याचा संभव चारांत एक इतका असतो. म्हणजे यांत कोणाची नजर नाहीं, करणी नाहीं, आणि सुनेचा पायगुण तर मुळींच नाहीं. जन्मांध मनुष्याकडे बोट दाखवून शिष्यांनीं प्रभूस जो प्रश्न विचारला होता, पाप याचें कीं याच्या आईबापांचें, तो आमच्या गांवांतून अद्यापहि विचारला जातो, म्हणून हें मुद्दाम लिहिलें.

या आजारावर शिरेंतून एकदांच द्यावयाचें झोलजेन्स्मा नांवाचें औषध अमेरिकेंत २०१९ च्या मे महिन्यांत मान्य झालें. सदोष जनुकाच्या ऐवजीं काम करणारी एक निर्दोष प्रत, निरुपद्रवी केलेल्या विषाणूला वाहन करून, तें पेशींत पोंचवितें. मान्यता दोन वर्षांखालील बालकांपुरती होती, आणि किंमत होती सुमारें १६ कोटि रुपये. नोकरीपेशाच्या कोणा आईबापानें जन्मभर मिळविलें तरी इतकें धन जमणें नाहीं. त्या मुलीच्या आईबापांनीं इंटरनेटवर विनंती प्रसिद्ध केली. करोनाच्या साथीनें लोकांचे व्यवसाय बसलेले असतांहि असंख्य अपरिचितांनीं लहानमोठ्या रकमा पाठविल्या व औषधाच्या किमतीची जुळणी होत आली. मग दिसून आलें कीं परदेशांतून औषध आणावयाचें तर त्यावर आयातशुल्क व वस्तुसेवाकर मिळून सुमारें ६ कोटि रुपये आणखी भरावे लागतील. पुन्हां विनंत्या झाल्या, पत्रें गेलीं, आणि केंद्र सरकारनें तो कर माफ केला. २६ फेब्रुवारी २०२१ रोजीं माहीम येथील हिंदुजा रुग्णालयांत तें औषध त्या मुलीस देण्यांत आलें.

याच हकीकतीशेजारीं आणखी दोन हकीकती ठेवल्याविना तिचा अर्थ पुरता कळत नाहीं. त्याच वर्षाच्या आरंभीं आमच्या नाशिकच्या एका बालकास हेंच औषध विनामूल्य मिळालें. औषधाच्या कंपनीनें २०२० सालीं, जेथें तें अद्याप मान्य झालेलें नव्हतें अशा देशांतील थोड्या बालकांसाठीं मोफत मात्रा राखून ठेविल्या होत्या आणि सोडत काढून त्यांची निवड होत असे. ज्याचें नांव निघालें त्याच्या घरीं दिवाळी. ज्याचें निघालें नाहीं त्याचें दुखणें होतें तेवढेंच. लेंकराचा श्वास सोडतीवर टांगून ठेवावा यावर जगभर टीका झाली व ती आम्हांस रास्त वाटते. तरी नाशिकच्या त्या घरानें चिठ्ठी टाकूं नये होती असें कोण म्हणेल? तिसरी हकीकत पुणें जिल्ह्यांतील. तेथील एका बालिकेसाठीं असाच लोकनिधि उभा राहिला, जून २०२१ मध्यें औषधहि दिलें गेलें, आणि ऑगस्टच्या आरंभीं ती बालिका देवाघरीं गेली. निधि पूर्ण झाला म्हणजे आयुष्य पूर्ण मिळालें असें नव्हे. पैसा औषध आणतो. त्यापुढील गोष्ट पैशाच्या हातीं नसते. निधि जमविणाऱ्या कुटुंबानें व देणाऱ्या प्रत्येकानें हें पहिल्याच दिवशीं समजून असलें पाहिजे, नाहीं तर शेवटीं आईबापांवर दुःखाखेरीज अपराधाचाहि भार पडतो.

किंमत ही देखील कांहीं आकाशांतून पडलेली वस्तु नव्हे. याच आजारावर रोज तोंडानें घ्यावयाचें रिसडिप्लाम म्हणून एक औषध आहे. त्याच्या एका बाटलीस भारतांत सुमारें ६ लाख रुपये पडत. आजाऱ्यांनीं व त्यांच्या घरच्यांनीं न्यायालयांचीं दारें ठोठावलीं. इकडे एका भारतीय कंपनीनें तेंच औषध बनविण्याचें मनावर घेतलें व पेटंटाचा वाद उभा राहिला. त्या वादांत दिल्ली उच्च न्यायालयानें, व मग ऑक्टोबर २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें, या कंपनीस मनाई करण्याचें नाकारलें. आणि तें औषध १५,९०० रुपयांस बाजारांत आलें. लोकांच्या झोळीनें जें झालें नसतें तें येथें न्यायाच्या काट्यानें झालें. म्हणून निधि जमवितांना, अमुक रक्कम लागते ती लागणारच असें धरून न बसतां, ती तेवढी कां लागते हेंहि कोणीं तरी विचारीत राहिलें पाहिजे.

परंतु कोटींच्या या गोष्टी वर्तमानपत्रांत येतात त्या विरळा म्हणूनच. आमच्या विद्यार्थ्यांच्या घरीं येणारें दुखणें बहुधा हृदयाचें, मूत्रपिंडाचें, कर्करोगाचें अथवा महामार्गावरील अपघाताचें असतें, आणि रक्कम असते दोन लाखांपासून दहा-पंधरा लाखांपर्यंत. ती जमविण्यास निघण्यापूर्वीं एक कागद हातीं असावा लागतो. तो म्हणजे रुग्णालयाचें सहीशिक्क्याचें अंदाजपत्रक. त्यांत रोगाचें नांव, ठरविलेला उपचार, दिवस व खर्च लिहिलेला असतो. पुष्कळ घरें या कागदाविनाच धांवूं लागतात. कोणी म्हणतो चार लाख, कोणी म्हणतो आठ, आणि विचारणाऱ्या प्रत्येकास निराळा आंकडा सांगितला जातो. तेथेंच लोकांचा विश्वास उणावतो. अंदाजपत्रक घेतांना डॉक्टरांना भीड न धरितां दोन प्रश्न विचारावे: या उपचारानें काय साधेल, आणि न केल्यास काय होईल. शक्य तर दुसऱ्या डॉक्टरांचेंहि मत घ्यावें. हा पहिल्या डॉक्टरांचा अपमान नव्हे. चांगले डॉक्टर स्वतःच तसें सुचवितात.

यानंतरची पायरी लोक वगळतात व ती वगळूं नये असा आमचा आग्रह आहे. मागण्याच्या आधीं हक्क पाहावा. महाराष्ट्रांत २ जुलै २०१२ रोजीं प्रथम ८ जिल्ह्यांत सुरू झालेली जीवनदायी आरोग्य योजना पुढें सर्व राज्यांत पसरली व २०१७ पासून महात्मा जोतीराव फुले यांचें नांव तिला मिळालें. आरंभीं एका कुटुंबास वर्षास दीड लाखांपर्यंतचे उपचार तींत मोफत होत. २०२३ च्या निर्णयानें ही मर्यादा ५ लाखांवर गेली व योजनेचें दार सर्वच शिधापत्रिकाधारकांस उघडलें. केंद्राची आयुष्मान भारत योजना २३ सप्टेंबर २०१८ पासूनची. तींत ७० वर्षें व त्यावरील वृद्धांस २०२४ पासून मिळकतीची अट न ठेवतां प्रवेश मिळाला आहे. आजीआजोबा असलेल्या घरांनीं हें अवश्य टिपून ठेवावें. योजनेंत सामील असलेल्या रुग्णालयांत 'आरोग्यमित्र' म्हणून एक कर्मचारी बसतो. आधीं त्याच्या टेबलापाशीं जावें, मग रोखपालाच्या खिडकीपाशीं. हा क्रम उलटा झाला तर नुकसान होतें, कारण अशा योजनांत उपचार रोकड न भरतां व्हावयाचा असतो. घाबरेपणीं भरून टाकलेलें बिल परत मिळविणें फार दुर्घट. ज्यांच्या घरीं कोणी कारखान्यांत आहे त्यांनीं कारखान्याची वैद्यकीय सवलत व कामगार राज्य विमा यांचीहि चौकशी करावी. ओझरास १९६४ पासून विमानांचा मोठा कारखाना आहे व भोंवतीं लहान कारखाने पुष्कळ. तरी आपल्या वेतनपत्रकांत विम्याची कपात होते कीं नाहीं हें ठाऊक नसलेले बापहि आम्हांस भेटतात.

धर्मादाय म्हणून नोंदलेल्या मोठ्या रुग्णालयांवरहि एक बंधन आहे. मुंबई उच्च न्यायालयानें २००६ सालीं घालून दिलेल्या योजनेप्रमाणें शेंकडा १० खाटा निर्धन रुग्णांसाठीं मोफत व शेंकडा १० खाटा दुर्बल घटकांसाठीं सवलतीनें राखाव्या लागतात, आणि एकूण बिलांच्या शेंकडा २ इतकी रक्कम निर्धन रुग्णांच्या निधींत बाजूस ठेवावी लागते. पाट्या असतात, पण त्या वाचल्या जात नाहींत. तहसीलदाराचा मिळकतीचा दाखला व शिधापत्रिका घेऊन समाजसेवकाच्या खोलीचें दार ठोठवावें लागतें. मुंबईस टाटा स्मारक रुग्णालयांत, जें १९४१ सालीं सुरू झालें, वैद्यकीय समाजसेवेचा स्वतंत्र विभाग आहे व कोणत्या निधीस कोणत्या रोगासाठीं अर्ज करावा हें तेथें समजावून देतात. मुख्यमंत्र्यांचा सहायता निधि आहे. पंतप्रधानांचा राष्ट्रीय सहायता निधि १९४८ च्या जानेवारींत फाळणीच्या निर्वासितांसाठीं निघाला होता. आज त्यांतून हृदयाची शस्त्रक्रिया, मूत्रपिंडरोपण, कर्करोग अशा उपचारांसहि साह्य होतें. दुर्मिळ आजारांसाठीं २०२१ चें राष्ट्रीय धोरण असून ठरविलेल्या रुग्णालयांत, जसें मुंबईचें केईएम, २०२२ पासून ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे. अशी मदत रुग्णाच्या हातीं न येतां रुग्णालयाकडे जाते, आणि अर्जास दिवस लागतात. सबब अर्ज पहिल्या आठवड्यांत जावा, पैसे संपल्यावर नव्हे.

इतकें झालें म्हणजे खरी तूट किती हें कळतें, आणि मग घरच्या बैठकीची वेळ येते. आमच्याकडील शेतकऱ्यांस इर्जिक ठाऊक आहे: एकाचें शेत मागें पडलें कीं सारा गांव आपापलीं औतें घेऊन त्याच्या रानांत उतरतो व एका दिवसांत काम उरकतो. घरच्या दुखण्यांतहि तसेंच व्हावें अशी प्रत्येकाची इच्छा असते. पण औत दिसतें, पैसा दिसत नाहीं, म्हणून मनें कलुषित होतात. आमच्या पाहण्यांत एका घरीं थोरल्या भावानें साधी वही घेऊन तींत दोन रकाने आंखले होते. एकावर 'दिलें', दुसऱ्यावर 'उसनें'. बैठकींत प्रत्येकानें रक्कम सांगतांना रकानाहि सांगावयाचा. धाकट्या आत्यानें पांच हजार 'दिलें' मध्यें लिहविले, आणि मोठ्या काकांनीं चाळीस हजार 'उसनें' मध्यें. कोणासहि कमीपणा वाटला नाहीं. जें त्या दिवशीं तोंडानें बोललें गेलें नाहीं तें पुढें दहा वर्षें भाऊबंदकींत बोललें जातें, हें आमच्या वाचकांपैकीं अनेकांस ठाऊक असेल.

बैठकींत कामांचीहि वांटणी व्हावी. हिशेब एकानें ठेवावा, कागदपत्रांमागें दुसऱ्यानें हिंडावें, आणि खाटेपाशीं तिसऱ्यानें बसावें. एकाच मनुष्यावर तिन्ही कामें आलीं म्हणजे सर्वांत आधीं खाटेपाशीं बसणें सुटतें. ज्यांच्यापाशीं पैसा नाहीं त्यांनीं संकोच करूं नये. रक्त देणें, मुंबईस डबा पोंचविणें, गांवाकडील गाय व लहान मुलें सांभाळणें, यांस मोल नाहीं असें कोण म्हणतो? मुंबईंत नातलगांनीं राहावें कोठें हाच मोठा खर्च असतो. परळास टाटा रुग्णालयाबाहेरील पदपथावर बिछाना टाकून पडलेलीं कुटुंबें ज्यानें पाहिलीं आहेत त्याला हें सांगावयास नको. दादरच्या श्री गाडगे महाराज धर्मशाळेंत कर्करोगाच्या रुग्णांची व त्यांच्या माणसांची अल्प दरांत सोय होते, ती जागा आधींच विचारून ठेवावी.

दागिने व जमीन यांविषयीं थोडें स्पष्ट बोलणें भाग आहे. घरांतील सुनेचे दागिने तिला न विचारतां, केवळ सर्वांनीं तिच्याकडे पाहून, मागितले जातात. हें मागणें नव्हे, जुलूम आहे. दागिने मोडण्यापेक्षां बँकेंत अथवा पतपेढींत तारण ठेवणें बरें. द्राक्षाचा पैसा माघ-फाल्गुनाच्या सुमारास हातीं येतो, दुखणें मात्र भर पावसांत येतें, जेव्हां बागेंत नुसता खर्च चाललेला असतो. या खिंडींतच सावकार उभा असतो. महिना शेंकडा तीन व चार असें व्याज कबूल केलेल्या घरांत आजारी मनुष्य उठून बसला तरी घर बसतें.

आणि एक गोष्ट आम्ही शिक्षक या नात्यानें पाहतों ती येथें लिहिली पाहिजे. मार्काच्या शुभवर्तमानांत पक्षाघाती मनुष्यास खाटेवर घालून चौघे जण आणतात व दाटींतून वाट न मिळाल्यामुळें घरावर चढून छप्पर उसकटून त्याला खालीं सोडतात. त्या चौघांची आम्हीं नेहमींच वाहवा करितों. छपराच्या धन्याचें काय झालें तें मात्र शुभवर्तमानकारानें लिहिलेलें नाहीं. दुखण्याच्या घरीं कोणाचें तरी छप्पर उसकटलें जातेंच, आणि तें पुष्कळ वेळां एखाद्या मुलीचें असतें. भावाच्या किंवा बापाच्या उपचारासाठीं फी थकते, मग घरचें काम वाढतें, मग ती आठ दिवस येत नाहीं, आणि शेवटीं हजेरीपटावरून तिचें नांव गळतें. वर्गणीच्या यादींत तिचें नांव कोठेंच नसतें. वास्तविक सर्वांत मोठी वर्गणी तिनेंच दिलेली असते. पालकांस आमची विनंती एवढीच कीं, तसा प्रसंग दिसूं लागतांच शाळेस कळवावें. फीची सवलत मागण्यांत उणेपणा नाहीं. न सांगतां मुलीस घरीं बसविण्यांत मात्र तिची हानि आहे.

घरचें व नात्यांतलें संपलें म्हणजे लोकांपुढें जावें लागतें. पुष्कळांस याची लाज वाटते. यरुशलेमांतील गरीब बंधुजनांसाठीं पौलानें मंडळ्यांमंडळ्यांतून वर्गणी गोळा केली तेव्हां त्याला लाज वाटली नाहीं. पण त्यानें काळजी किती घेतली तें पाहण्याजोगें आहे. आठवड्याच्या पहिल्या दिवशीं ज्यानें त्यानें आपल्या शक्तीप्रमाणें बाजूस काढून ठेवावें असें त्यानें करिंथकरांस कळविलें, आणि रक्कम नेण्यासाठीं मंडळ्यांनीं निवडलेले बंधु बरोबर घेतले, कारण एवढ्या मोठ्या रकमेबद्दल कोणीं बोट दाखवावें असें त्याला नको होतें. प्रेषिताला जर साक्षीदार लागले तर आपल्याला कां नकोत? ओझरकरांना तर यासाठीं दूर जाण्याचें कारणच नाहीं. बापूसाहेब उपाध्ये व भरत कावळे यांच्या पुढाकारानें १९९० नंतर येथें वाघाड धरणाच्या कालव्यावर शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. पाणी मोजून घ्यावयाचें, मोजून वांटावयाचें, आणि प्रत्येकाची पट्टी व पाळी सर्वांदेखत लिहावयाची, हा त्यांचा रिवाज. कालव्याच्या शेपटाकडील शेतकऱ्याला पाणी पोंचेल हा भरंवसा त्या वहीमुळें आला. निधीच्या वहीचें काम याहून निराळें नाहीं.

आतां इंटरनेटवरील विनंतीविषयीं. केटो, मिलाप अशा संस्थांच्या द्वारें घरबसल्या देशभर विनंती पोंचूं शकते. प्रत्येक संस्था सेवेचा आकार किती घेते, देणगीदाराकडून स्वेच्छेनें जादा रक्कम मागते कीं काय, आणि पैसे रुग्णालयाकडे जातात कीं घराकडे, हें आधीं वाचून घ्यावें. पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यांत जाणें सर्वांत निर्वेध. कारण नातलगांखेरीज इतरांकडून वर्षांत एकूण ५०,००० रुपयांहून अधिक देणगी कोणाच्या वैयक्तिक खात्यांत आली तर प्राप्तिकराचा प्रश्न उभा राहतो, व दुखण्यांत नवें दुखणें होतें. मोबाइलवर फिरणाऱ्या विनंत्यांत खोट्याहि असतात. दुसऱ्याच्याच मुलाचें छायाचित्र लावून पैसे उकळणारे लोक आहेत. म्हणून देणाऱ्यानें रुग्णालयांत दूरध्वनि करून खात्री करावी, आणि मागणाऱ्या कुटुंबानें अशा चौकशीचा राग मानूं नये. छायाचित्रासंबंधीं आम्हांस एक सांगावेंसें वाटतें. नळ्या लावलेल्या, अर्धवट उघड्या अंगाच्या मुलाचें चित्र पाहून लोक लवकर विरघळतात हें खरें. पण तें मूल बरें होऊन उद्यां शाळेंत येणार आहे, आणि तें चित्र तोंवर पुसलें जाणार नाहीं. चांगल्या दिवसांतील हंसरें छायाचित्र आणि अंदाजपत्रकाची प्रत एवढें पुरे.

ज्याच्यासाठीं हें सारें चाललें आहे त्याला कोणी विचारतो काय? लहान मूल असेल तर प्रश्न नाहीं. पण आजोबा असतील, आई असेल, तर पडद्याआडून कुजबुज ऐकून "माझ्यापायीं तुम्हीं विकलें तरी काय" असें तीं एके दिवशीं विचारतातच. त्या वेळीं थाप मारूं नये. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायांत पौल एकमेकांचीं ओझीं वाहावयास सांगतो, आणि तीनच वचनांनंतर म्हणतो कीं प्रत्येकाला आपापला भार वाहावा लागेल. आमच्या वर्गांतील मुलें ही विसंगति म्हणून दाखवितात. दुखणेकऱ्याच्या उशापाशीं बसलेल्याला ती विसंगति वाटत नाहीं. वेदना व निर्णय हा त्याचा स्वतःचा भार. खर्च, धांवपळ व जागरण हीं वांटून घेण्याचीं ओझीं. वृद्ध मनुष्यानें सर्व समजून घेऊन "आतां मला घरीं न्या" असें म्हटलें, आणि डॉक्टरांनींहि उपचारापासून आशा नसल्याचें सांगितलें, तर निधि जमला आहे म्हणून त्याला मुंबईस ठेवणें हें प्रेम खरें, पण तें ऐकून न घेणारें प्रेम आहे. वेदना कमी ठेवण्याचे उपचार घरींहि होऊं शकतात. त्यांसाठींहि पैसा लागतो, व लोकांना तसें सांगितल्यास ते समजतात.

रक्कम उरली तर काय करावयाचें हें विनंतीपत्रांतच लिहून ठेवावें: त्याच रुग्णालयाच्या निर्धन निधीस, किंवा त्याच आजाराच्या दुसऱ्या रुग्णास. दुखणें संपल्यावर, मग तें कोणत्याहि रीतीनें संपो, महिन्याभरांत एक पानाचा जमाखर्च दिलेल्या सर्वांस पाठवावा. शोकांत असलेल्या घराला हें जड जातें. म्हणून हिशेब ठेवणारा घरांतील पण थोडा लांबचा, मामा किंवा चुलतभाऊ, असावा असें आम्ही सुचवितों.

शाळेंत एखाद्या विद्यार्थ्याच्या घरासाठीं डबा फिरवावयाचा झाला तर आमची पद्धत सांगतों. कोणी किती टाकलें तें पाहूं नये व विचारूं नये. ज्याच्या खिशांत कांहीं नसेल त्यानेंहि हात डब्यांत घालून काढावा, म्हणजे फरक कोणास कळत नाहीं. डबा फोडतांना दोन विद्यार्थी व एक शिक्षक असावेत, रक्कम दोनदां मोजावी, आणि त्याच दिवशीं एकूण आंकडा फळ्यावर लिहावा. दुखणेकऱ्याचें वा त्याच्या मुलाचें नांव फळ्यावर नको. रक्कम पाकिटांत घालून वर्गशिक्षकांनीं संध्याकाळीं त्या घरीं स्वतः नेऊन द्यावी, पावती मागावी, आणि चहा होत असल्यास घेऊन यावा.